दाढोबा

मांजरेच्या वळणावर, सावळखेडला,
लिंबाखाली एक दाढ आहे.
सिद्राम गुरवाच्या बापाला वाळू भरताना सापडलेली.
दोन्ही हातांनी उचलावी लागते.
जात्याला नुकतीच टाकी लावावी
तशा रेघा तिच्या माथ्यावर.

गावात कुणाची दाढ ठणकली
की इथं लवंगा वाहतात,
मग निलंग्याला डॉक्टरकडे जातात.
हा क्रम कुणी मोडत नाही.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते.
अलिमोद्दीननं कॅलिपर लावला, आकडे लिहिले.
चपला आपण कधी काढल्या,
ते त्यालाही कळलं नव्हतं.

"हत्तीची आहे," मी म्हणाले.
"फार जुन्या हत्तीची.
नदी तेव्हा अशी डबक्यांची नव्हती."
सिद्रामनं तंबाखू मळत ऐकून घेतलं.
"आसंल हत्तीची.
पर त्येला दाढ दिली कुनी,
ते इचारलं का न्हाई?"

मग बाप सांगायचा तसं त्यानं सांगितलं.
आधी नुसता खडक होता.
पेरायला जागा नाही, पुरायला जागा नाही.
ह्यानं तो तोंडात घेतला आणि चावला,
किती चावला त्याला गणती नाही,
आणि थुंकला,
ती ही रानातली काळी.
"येवढी चिकट कामून? थुंकी हाय तिच्यात."

मला हसू आलं. अर्ध्यावरच राहिलं.
कारण वर्गात मीही हेच सांगते, दात वगळून:
लाव्हा थिजला, त्याचा खडक झाला,
उन्हानं, पाण्यानं, मुळांनी
कोट्यवधी वर्षं त्याचा भुगा केला.
"म्हंजी चावलाच की," सिद्राम म्हणाला.

चावला नाही, काका.
चावायला कुणी असावं लागतं.
इथं कुणी नव्हतं.
हे मी मोठ्यानं म्हणाले की मनात,
आता आठवत नाही.

नमुन्यासाठी शेंदूर खरवडावा लागला.
वरचा थर तेलकट, यंदाचा.
त्याखाली कितीतरी. मग एका थरात बारीक माती:
"भूकंपाचं साल. पत्र्याच्या शेडात ऱ्हात व्हतो,
तिथून येऊन पैले ह्येला लावला."
अजून खाली बापाच्या हातचा, फिकट.
नदीची दरड वाचतात तसा मी तो वाचला,
तळाचं जुनं, माथ्याचं नवं.
सिद्राम गुडघे टेकून बघत होता.
"मी कुठं येतो ह्येच्यात?
दाढ घावली तवा आईच्या पोटात व्हतो."
मी नखानं दाखवलं:
इथं, काका. अगदी दाढेला लागून.
तो बराच वेळ त्या रेघेकडं पाहत राहिला.

ड्रिल लावलं तसा दवाखान्याचा वास सुटला.
तो त्यानंच आधी ओळखला.
चिमूटभर भुकटी बाटलीत घेतली.
भोक त्यानं शेंदरानं बुजवलं,
अंगठ्यानं दाबून,
दाढ भरतात तसं.

सहा महिन्यांनी प्रयोगशाळेचं पत्र आलं:
कोलॅजन शिल्लक नाही.
वय काढता येत नाही.

फोनवर सांगितलं तर तो खूश.
"म्हनलं नव्हतं? अनादी!"
मी म्हणाले, आम्हाला काढता आलं नाही, एवढंच.
वय आहेच त्याला.
दुसरी पद्धत आहे, दाताच्या कवचावरून.
पुन्हा यावं लागेल. पुन्हा कोरावं लागेल.

पलीकडं नुसता पाण्याच्या मोटारीचा आवाज.
मग, कुणी ऐकू नये अशा बेतानं:
"ताई, ते मेलं कशानं वो? तहानंनं का?"

माहीत नाही, मी म्हणाले.
"न्हाई का माहीत," तो म्हणाला,
आणि पुन्हा गप्प झाला.
"बगा की मग. या.
पर आमुशाला नगं.
आन् लवंगा आना येताना,
दुकानात संपल्यात."

वहीत मी लिहिलं: नमुना दोन.
तारखेच्या रकान्यात
पेन थोडं थांबलं,
मग लिहिलं:
अमावास्या सोडून.