डावा, गुडघ्याखालचा, सात नंबर

हो साहेब, रजिस्टर माझ्याच हातचं.
अक्षर किरटं आहे, मीच वाचून दाखवते.
दहा फेब्रुवारी. डावा, गुडघ्याखालचा, सात नंबर.
दहालाच. उजवा, मांडीपासून, चार नंबर, बाई.
अकरा. उजवा, गुडघ्याखालचा, मुलगा, वय नऊ.
पुढं शेरा, बाबालालनं सांगितलेला:
पोरगं वाढतंय, दर सालाला नवा लागेल.

नावं नाहीत.
पहिल्या साली होता नावाचा रकाना.
नाव विचारलं की रांग निम्मी व्हायची,
माणसं कुबड्या काखेत मारून झाडीत माघारी.
मग फूटपट्टी ठेवून मीच त्या रकान्यावर काट मारली.
बाबालालनं नव्हे. मी, सुलोचना मगदूम.
हे लिहून घ्या.

त्यांनी लिहून घेतलं नाही.
त्यांना बाबालाल हवा होता आणि तो त्यांच्याकडे होता.
कागदावर त्याच्या आडनावाखाली रेघ ओढलेली: शिकलगार.
म्हणजे धार लावणारे, एक जण म्हणाला आणि हसला.

खरंच आहे. त्याच्या खापरपणजोबानं तलवारी घासल्या.
तलवारी सरल्या, मिरजेत गवई आले,
घर भोपळे कापायला बसलं, तारा ताणायला.
बाबालाल सतारीच्या कारखान्यातनं आमच्याकडे आला,
अजून पायाची नळी कानाशी धरून टिचकी मारायचा,
बद्द वाजली तर परत कानशीवर.
तिकडच्या जंगलात आमची भाषा कुणाला कळत नव्हती.
टिचकीला मात्र सगळी रांग हसायची.

मार्केट यार्डातले हळदीचे अडते,
ज्यांच्या फोटोंनी आमच्या ऑफिसची भिंत भरली होती,
सोमवारी एकेक करून आले, चहासुद्धा न घेता.
पावतीपुस्तक जाळा म्हणाले. आमचं नाव कुठं नको.

आता ठाण्यात जे बोलले नाही ते.
दहा तारखेच्या त्या सात नंबरला
कुबडीचा व्रण बघायला मी सदरा काढायला लावला.
उजव्या खांद्यावर घट्टा होता.
कावडीचा घट्टा मानेशी असतो,
हा तिरपा होता, पट्ट्याएवढा रुंद.
बाबालालनं घट्टा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं,
नळीला टिचकी मारली, म्हणाला, बरा वाजतोय.

रबराचे पंजे जोडीनंच येतात.
त्यातला उजवा उरला होता.
पंधरवड्यानं रस्त्याकाठच्या कॅम्पात तो एका वाटाड्याला बसला.
पोलिसांच्या पुढं चालायचा, मस्टरवर मात्र नव्हता,
म्हणून सरकारी दवाखाना नाही.
तोही नाव सांगेना.
दोघं कधी एकाच बाजारात मीठ घ्यायला गेले असतील,
नसतीलही. मला काय माहीत.
त्या डाव्या पायानं तो माणूस पुढं कुठं गेला, तेही नाही.
चुकलं का, हे मला रात्री विचारू नका.

मिरजेतल्या आमच्या शेडला सील आहे.
एक काच फुटकी आहे, तिथनं फळी दिसते,
फळीवर उजवा, गुडघ्याखालचा, मुलगा, आता वय दहा,
बाबालालनं अंदाजानं दोन बोटं लांब केलेला.
दाराशी शिपाई असतो, बेडगचा, बरा माणूस.
तेवढा एक पाय द्या म्हटलं, पोस्टानं धाडते.
त्यानं पंचनाम्याची प्रत काढून बोट ठेवलं:
अवयवासारखी वस्तू, एक नग.
लांबी लिहिलेली नाही, म्हटलं.
तो म्हणाला, बाई, रकाना नव्हता.