तारीख रुमलीने ठरवली

पहिल्या शिबिराला आम्ही नव्वद सुया नेल्या
आणि ऐंशी परत आणल्या.
जिल्ह्याच्या कागदावर तारीख होती सव्वीस नोव्हेंबर.
मंडप होता, बॅनर होता,
पाड्यावर होत्या म्हाताऱ्या, शेळ्या
आणि दारांना कुलपाऐवजी बांधलेल्या दोऱ्या.
बाकी सगळे सुरतेकडे, बारडोलीकडे, उसाच्या फडात.

मी पारोळ्याचा. रक्त तपासतो.
रात्री आईने फोनवर विचारलं, जमनं का रे?
म्हटलं, नै जमनं.

रुमली पावरा, आशा, सातवी शिकलेली,
धडगावच्या बैठकीत दाराजवळच्या खुर्चीवर.
नंदुरबारचे साहेब बोलले,
मोठ्या दवाखान्याच्या तडवी मॅडम बोलल्या,
चहा झाला, बशा उचलल्या गेल्या,
तेव्हा ती म्हणाली, भोंगऱ्याला या.
ऊस उभा राहिला तरी माणूस होळीला घरी येतो.

साहेब म्हणाले, तेव्हा मार्चअखेर, निधी नसतो.
मॅडम बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.
मग म्हणाल्या, सुया आमच्या.
आणि दित्या भगत, ज्याला कुणी बोलावलं नव्हतं
पण जो आला होता,
म्हणाला, ओटा माझा.

आठवा मुलगा, की नववा,
दहाएक वर्षांचा, डोळ्यांत हळद.
मी छापील प्रश्न वाचला: सांधे दुखतात का?
नाही म्हणाला.
रुमलीने तोच प्रश्न तिच्या बोलीत विचारला;
मला एवढंच कळलं
की त्यात हाडं होती आणि रडणं होतं.
त्याने मान हलवली.
मग पाठीमागे उभ्या बहिणीनेही,
जिला कुणी विचारलंच नव्हतं.

नळीत रक्ताचा थेंब सोडला.
पाणी गढूळलं,
मागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या.
दित्या भगत वाकून बघत होता.
रेघा कुठे गेल्या, म्हणाला.
मला त्याच्या बोलीत सांगता आलं नाही,
मराठीत तरी कुठे नीट आलं असतं.

दुपारी तीनलाच सुया संपल्या.
नमुने बर्फाच्या डब्यात, डबा बाजाराच्या जीपमध्ये,
दोन कोंबड्या आणि एका ढोलाच्या मध्ये, मॅडमच्या प्रयोगशाळेकडे.
फॉर्मच्या समासात रुमलीने तिचा प्रश्न लिहून ठेवला,
पेन्सिलने, ऱ्हस्वदीर्घाची पर्वा न करता.

रात्री पुन्हा फोन. जमनं का रे?
सुया कमी पडन्यात, म्हटलं.
आई हसली.
गढूळ नळ्या किती, ते तिने विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.