लेथवरची पाटी

उद्यमबागेतल्या आमच्या शेडात जुन्या लेथला
पितळेची पाटी आहे, दोन बोटं रुंद.
तिच्यावर ठोकलेलं: ७३९३९१३३.
दर मार्चला स्टोअरच्या वहीत मी तो आकडा
मीटर रीडिंगसारखा उतरवायचो, न बघता.
सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस.

भरमाण्णा कंग्राळकर बघायचा.
रात्रपाळीत जॉब लांबीचा असला
की फरशीवर खडूनं भाग देत बसायचा.
"काय मोजूलास रे?"
"फुटतोय काय बघूलोय."
सात, अकरा, तेरा, सतरा...
गणपतीला धरला तो दिवाळीला सोडला,
हजारावर भागाकार,
आणि प्रत्येकाच्या तळाशी काहीतरी उरलेलं.
शेवंताक्का सकाळी झाडू टेकवून विचारायची,
"पुसू, का ऱ्हाऊ दे?"

मूळ संख्या आहे, म्हणाला.
असेल, मी म्हटलं. पगार तोच.

मालकांनी पेंटर आणला. शेड नंबर एकचा
एक शेवटी जोडला, लाल ऑइलपेंटात.
भरमाण्णानं उभ्याउभ्याच अंकांची बेरीज केली,
एकोणचाळीस.
"तीननं गेला की रे!"
आणि रॉकेलचा बोळा घेऊन
तो ओला एक पुसून काढला.

कूलंट ठिबकायचं उजव्या अंगाला.
आधी शेवटचा तीन गेला.
भरमाण्णानं खडू काढला. फुटेना.
दोनेक वर्षांनी दुसरा तीन. फुटेना.
मग एक.
७३९३९ ला अठ्ठावन्न भाग लागले,
नऊ गेल्यावर तेवीसच.
माझ्या वहीतला आकडा आखूड होत गेला.
ऑडिटरनं लाल गोल केला: खुलासा करावा.
मी लिहिलं,
झिजला आहे. फुटलेला नाही.

बसलिंग फिटर तोच आकडा
एळु मूरु ओंबत्तु मूरु असा वाचायचा.
त्यानंच जेवणाच्या सुट्टीत विचारलं,
"आणि हिकडनं गेला तर? सात गेला तर?"
भरमाण्णाचा घास हातातच.
पूर्ण आकडा आठवून लिहिला, सात सोडून:
३९३९१३३.
एकाआड एक अंक घेतले.
इकडं दहा. तिकडं एकवीस.
फरक अकरा.
अकरानं गेला, बाकी शून्य.
डब्याची झाकणं लागली,
कोणी काही बोललं नाही.

त्या दिवसापासून सुट्टीचा भोंगा झाला
की तो सातावर अंगठाभर ग्रीस चोपडायचा,
मगच हात धुवायचा.

रिटायर होऊन तो मुलीकडं गेला, गोकाकला.
एकदा फोन आला. तब्येत, नातवंडं, धबधब्याला पाणी किती,
आणि ठेवता ठेवता,
"कितीवर आलाय?"
सातशे एकोणचाळीस, मी म्हटलं,
नऊचं शेपूट पुसट झालंय.
तिकडं थोडा वेळ नुसता श्वास.
"नऊच भाग," म्हणाला, "तोंडी होतंय."

ग्रीसचा डबा आता माझ्या टेबलाखाली असतो.
अंगठ्याचा वास
साबणानं जात नाही.