दोन पदरी वायर

एल्बियाबाईंच्या ऑस्टिनचं बॉनेट उघडलं
तेव्हा ती लोंबत होती, ब्रेकच्या स्विचपाशी.
दोन पदरी, पिळाची, सुती वेष्टणाची,
तेलानं काळी पडलेली,
टोकांशी उघडं तांबं, त्यावर हिरवट कळंक.
ना आगा ना पिछा.

एक्कावन्न सालची गाडी. वायरिंगचा नकाशा आहे माझ्याकडे,
माते सांडून तपकिरी झालेला, पण रंग वाचता येतात:
हिरवी फ्यूजकडून येते,
हिरवीवर जांभळी रेघ, ती मागच्या लाल दिव्यांना जाते.
ह्या बयेचं नाव त्यात कुठेच नाही.

मिल्टन म्हणाला, काप.
सोमवारी गिऱ्हाईक येतंय माँतेविदेओहून,
त्याला लोंबतं काही दिसायला नको.
दिवे लागतात, हॉर्न वाजतो,
हिच्यावाचून कुणाचं काय अडलंय?

तेच तर.
ताकुआरेम्बोच्या ह्या बाजूला
कुणी हौसेनं वायर ओढत नाही.
तांब्याला पैसे पडतात.

मग मी उताणा झालो.
पत्र्यातल्या रबरी भोकातून ती आत शिरलेली,
डॅशबोर्डखाली एकदा खिळ्याला गुंडाळलेली
(खिळा! ऑस्टिनमध्ये!),
तिथून गालिच्याखाली,
जिथे उंदराचं जुनं घर आणि ब्राझीलचं एक नाणं.
सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे लोक.
मला ड्रायव्हरच्या सीटखाली
बेकेलाइटचं एक बटण मिळालं, लिंबाएवढं,
अंगठ्यानं झिजलेलं.

मीटरच्या सुया दोन टोकांना लावल्या.
मिल्टननं बटण दाबलं: पीं.
परत दाबलं: गप्प.
म्हणजे मागचा लाल दिवा कधीकाळी
ह्या लिंबाच्या मर्जीवर होता.
पेडल दाबा, गाडी थांबेल,
अंधाराला काही कळणार नाही.
पुढे कुणीतरी जोड पुन्हा सरळ केला
आणि ही तशीच राहून गेली.

बाई आल्या, थर्मास काखेत, भोपळा हातात.
बटण बघून म्हणाल्या,
हे आमच्या पलंगाचं.
त्र्याहत्तरपासून दिवा मालवायला उठतेय मी.

वाल्देमार काय आणायचा रिवेराहून?
"साखर. तंबाखू."
नळी खर्र वाजेपर्यंत त्यांनी घोट ओढला.
"आणि जाताना एकदा शाळेतली बाई होती.
पायात माझे बूट होते तिच्या.
एकदाचं मला माहीत आहे."

मिल्टन पाना पुसत राहिला, पुसलेलाच.

"आमच्या वाटेच्या टोकाला गुरं अडवायची जाळी आहे ना,
तिथे ब्रेक मारावाच लागतो.
दिवे मालवूनच निघायचा तो,
पण जाळीशी एक लाल ठिपका उमटायचा.
तो बघितला की मी दार लावायचे.
मग ठिपकाही बंद झाला.
मला वाटलं, आता ह्याचा पाय तिथंसुद्धा अडखळत नाही.
बारा वर्षं धड बोलले नाही मी त्याच्याशी.
त्यानं विचारलंही नाही, का."

"आणि परत दिसायला लागला तेव्हा?"
"तेव्हा म्हटलं, म्हातारा झाला."

वायर मी कापली नाही.
टोकांना टेप गुंडाळला, चिमट्यात बसवली,
नकाशावर पेन्सिलीनं एक पिवळी रेघ मारली.
पिवळी पेन्सिल हाताशी होती म्हणून; तिचा खरा रंग
तेलाखाली काय होता, मला अजून ठाऊक नाही.

बाई अंगणाच्या टोकाशी जाऊन उभ्या राहिल्या,
आमच्याकडे पाठ न करता, तोंडही न करता.
दाब, म्हणाल्या.

मी दाबला.
निलगिरीच्या बुंध्यावर, थर्मासवर,
त्यांच्या चपलांवर थोडा लाल पडला.

सोडू?

धरून ठेव, म्हणाल्या.
बॅटरी जुनी होती. तरी धरला.