चार बोटं

फाळका सोडला की
ट्रेलरच्या जॅकवर आदळायचा. रोज.
निळा रंग उडून तिथं बशीएवढा पोचा.

संकेश्वरात इराण्णा कम्मार
दांडीखाली उताणा झोपला,
फटीत हात घातला.
"नाल्क बट्टु," म्हणाला.
चार बोटं, मी म्हटलं.
त्याची बोटं जाड, घणानं सुजलेली;
त्याच मापानं दांडी वाढवली.

आता गाडी सरळ उभी असली
की फाळका अलगद सुटतो,
पाळण्याचे लाकडी घोडे निघतात,
स्टोव्ह निघतो, पोरीचं दप्तर.

पण तवंदीच्या वळणावर
ट्रेलरचा कोपरा आत येतो,
चाराचं एक होतं.
सुमित्रा आरशात बघते,
घाट उतरेपर्यंत बोलत नाही.

निपाणीत, उरुसाच्या मैदानावर,
खाली उतरून तिनं
फटीत आपली बोटं घातली.

पाच बसली.