दुभाषी

गोरेगावच्या सभागृहात पंख्यांचा आवाज फार.
इर्मा एचेवेरी, वय अठ्ठ्याहत्तर,
मोन्तेविदेओच्या माजी खासदार,
बगलेत थर्मास धरूनच बोलायला उभ्या राहिल्या.
शेजारी मी. मानधन पंधराशे, चहा वेगळा.

लष्कराच्या राज्यात, त्या म्हणाल्या,
ठरल्या वेळी आम्ही दिवे घालवायचो
आणि खिडक्यांतून पातेली बडवायचो.
कोण बडवतंय, अंधारात दिसायचं नाही.
आमच्याकडे तर डाव वाकला.

मी ‘डाव’ म्हणाले, मग ‘पळी’, मग ‘कालथा’;
त्यांनी हातानं दाखवलं
ते तिन्हींत बसेना.

तिसऱ्या रांगेतून शालन नाबर उठल्या.
त्र्याहत्तरच्या महागाईच्या मोर्च्यात
लाटणं घेऊन गेलेल्या,
हल्ली कानाला यंत्र.
“काय वाकलं ते राहू दे गं.
बडवून झाल्यावर
रात्रीचं जेवण कुणी केलं, ते विचार.”

विचारलं.
इर्माबाईंनी थर्मास टेबलावर ठेवला,
सकाळपासून पहिल्यांदा.
“मी माद्रे.”

त्यांच्या भाषेत ‘मी’ म्हणजे ‘माझी’,
माझी आई, असं मी सांगणार
तोवर शालनताई मान डोलावत
“मीच की, मीपण,” म्हणत
खाली बसल्यासुद्धा.

मी दुरुस्त केलं नाही.