बाराव्या रांगेतून

माझ्या डोक्यावरचा पंखा बंद होता,
म्हणून ऐकू छान येत होतं.
डिचोलीच्या शाळेचा हॉल, खुर्च्या मंडपवाल्याच्या,
एकीच्या पाठीला अजून अबोलीची फुलं चिकटलेली.

वेदांगी माईकपाशी. हातात पुठ्ठा.
"तंतुवाद्यं म्हणजे तारांचं घराणं,"
आणि तीन व्हायोलिनं एकदम सुटली,
अस्नोड्याच्या आग्नेलचं जरा पुढेच,
जणू त्याची शेवटची बस चुकत होती.

मग फुंकरीचं घराणं :
सुर्तवाल्या गुणाजीचा नातू, गाल फुगवून लाल,
पहिला सूर निघेना, दुसरा निघाला तो थांबेना.

मग धातूचं. तिसरीतलं एक पोर त्रिकोण धरून
ओठांनी मोजत होतं.
त्याची पाळी आली आणि त्याला शिंक आली.
सगळे थांबल्यावर त्यानं एकदाच वाजवला,
नीट, मन लावून.
टाळ्या त्यालाच जास्त.

"आणि हे घुमट. चामड्याचं घराणं,"
वेदांगी म्हणाली, पुठ्ठा उलटला.

चामडं वरचं, बाय. खाली मी आहे.
मयेच्या बांधाखालची माती,
तुडवताना टाचेत घुसलेला शिंपला,
आव्यातली ती रात्र, करवंट्यांचा धूर.
घोरपडीचं केव्हाच बंद झालं, हे बकऱ्याचं,
दमट हवेनं सैल पडलेलं,
मिनेझिस सरांनी चहाच्या स्टोव्हवर शेकून आणलं.

पहिली थाप पडली आणि मी ओळखलं :
गळ्याखाली नखाएवढी खोट राहिलेलं ते.
मी देणार नव्हतो. हिनंच उचललं.
शेपटाला किंचित घोगरं,
सर्दी झालेल्या माणसानं हाक मारावी तसं.
बाराव्या रांगेत फक्त मलाच कळत होतं,
आणि मला ते आवडत होतं, हेही.

"कुणाला काही विचारायचं आहे?" सर म्हणाले.
होतं.
एक तोंड चामड्यानं बंद, दुसरं उघडं,
डाव्या तळव्यानं वारा कधी कोंडायचा, कधी सोडायचा,
मग ह्याला फुंकरीच्या घरात का नाही घेत?
पण नखांत माती होती,
हात खिशातच राहिला.

"बाबा, काही चुकलं?"
"आवाज पोचला," मी म्हटलं.

स्कूटरवर घुमट आम्हा दोघांच्या मध्ये.
कारापूरच्या उताराला प्रत्येक खड्ड्यात
ते आपणहून घुमत होतं.
वेदांगी पेंगत होती,
पुठ्ठा कुठंतरी वाटेत पडला.